उजवा कौल

माजिवड्याच्या गावदेवीला काही विचारायचं असलं की लोक परशुराम गुरवाच्या दारात यायचे. सोयरीक जमवायची का, मिठागराच्या बांधाचं काम कधी काढायचं, पोराचा ताप उतरत नाही तर भगताकडे न्यायचं की ठाण्याला डॉक्टरकडे, सगळं देवीला विचारून. परशुराम आंघोळ करून ओलेत्यानं गाभाऱ्यात शिरायचा, जास्वंदीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून देवीच्या दोन्ही खांद्यांवर चिकटवायचा आणि समोरच्या माणसाचं म्हणणं मोठ्यानं तिच्या कानावर घालायचा. उजवी पाकळी आधी पडली की होकार, डावी पडली की नकार. कधी हात मागं घेतो न घेतो तोच पाकळी पडायची, कधी पाय अवघडेपर्यंत उभं राहावं लागायचं.

आज्यापणज्यापासून हे काम त्याच्या घरात होतं. वडिलांनी जाताना त्याला दोनच गोष्टी बजावल्या होत्या. कौलात आपला हात चालवायचा नाही आणि आपल्या घरासाठी कौल लावायचा नाही. परशुरामनं दोन्ही पाळल्या. दुसरी पाळणं त्याला किती जड गेलं, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या वर्षी श्रावणात त्याच्या बायकोला मुलगी झाली. मालन कल्याणच्या गुरवांची लेक. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि आधीची दोन मुलं पाचवी पुजायच्या आतच गेली होती. त्यामुळे आतून रडण्याचा आवाज आला तेव्हा ओट्यावर बसलेल्या परशुरामनं तिथूनच देवळाकडे बघून हात जोडले. गावची सुईण गंगुबाई पदराला हात पुसत बाहेर आली आणि मान खाली घालूनच उभी राहिली.

"पोर जगली, यान सगला आला," ती शेवटी म्हणाली आणि चहाला न थांबता निघून गेली.

मुलीचं नाव बायजा ठेवलं. गोरी, गुबगुबीत, शांत पोर. रडायची कमी, दूध ओढताना मात्र दमून मध्येच झोपायची. डोळे बारीक आणि कडेला वर ओढलेले, जिभेचं टोक कायम ओठांच्या बाहेर. मान धरायलाच तिला आठ महिने लागले. दीड वर्षाची झाली तरी बसेना, तेव्हा गावात बोलणं सुरू झालं. गुरवाच्या हातून पूजेत काहीतरी चुकलंय. नाहीतर मालनच विटाळशी असताना देवळात शिरली असेल.

तोंडावर कोणी बोललं नाही. पण मालन पाण्याला गेली की विहिरीवरच्या गप्पा थांबायच्या. लग्नघरी हळद लावायला तिला बोलावणं येईनासं झालं. कोणाची ओटी भरायची असली की बायका तिच्या दारावरून पुढच्या घरी जायच्या. मालन भांडली नाही, रडली तरी परशुरामच्या समोर नाही. तिनं मंगळवार धरला, मग शुक्रवार, मग सोमवार. आठवड्यातले तीन दिवस ती पाण्यावर राहायला लागली आणि चपला तिनं कायमच्याच सोडल्या.

बायजा तीन वर्षांची झाली तेव्हा परशुराम तिला खांद्यावर बसवून ठाण्याला घेऊन गेला. टेंभी नाक्याच्या अलीकडे एक म्हातारे डॉक्टर बसायचे, मुलांची दुखणी चांगली ओळखतात असं त्यानं ऐकलं होतं. मालनचा उपास होता, ती आली नाही.

डॉक्टरांनी बायजाला टेबलावर बसवलं. तिनं त्यांच्या नाकाला हात लावला, ते हसले. मग त्यांनी तिची मूठ उघडून परशुरामला दाखवली.

"ही रेघ बघा. तुमच्या-माझ्या तळहातावर दोन आडव्या रेघा असतात, हिच्या एकच आहे. हे डोळे, ही जीभ, सगळं एकाच गोष्टीचं लक्षण. इंग्रजीत अशा मुलांना मंगोल म्हणतात. जन्मतःच अशी असतात."

"औषध?"

"नाही."

परशुरामनं पोरीची मूठ पुन्हा मिटवली. मग म्हणाला, "साहेब, मी देवीचा गुरव आहे. माझ्या हातून काही..."

"तुमच्या हातून काही झालेलं नाही. तुमच्या बायकोच्या हातूनही नाही. कोणाचं पाप-बिप यात नाही, हे घरी जाऊन नीट सांगा." मग त्यांनी नळी लावून बायजाची छाती ऐकली. पुढून ऐकली, पाठीमागून ऐकली, पुन्हा पुढून. नळी गळ्यात टाकून ते खुर्चीवर बसले. "हृदयात आवाज येतोय. आतल्या पडद्याला भोक असणार. त्यावर आपल्याकडे काही उपाय नाही. हिला जपा. गर्दीत नेऊ नका, धुरात बसवू नका, सर्दी-खोकला होऊ देऊ नका. दमू देऊ नका."

"किती..." परशुरामनं विचारलं.

"दहा वर्षांची झाली तर खूप झालं असं समजा," डॉक्टर म्हणाले. त्यांनी बायजाला पेपरमिटची गोळी दिली. ती तिनं आधी बापाच्या तोंडापुढे धरली.

परशुराम आग्रा रोडनं चालत परत आला तेव्हा मालन दारातच उभी होती.

"डॉक्टर म्हणाले, उशिरा बोलेल, उशिरा चालेल. हिच्या-तिच्या पापानं असं होत नाही म्हणाले."

"खरंच असं म्हणाले? पाप नाही म्हणाले?"

"हो."

"पुन्हा सांगा, काय म्हणाले?"

त्यानं पुन्हा सांगितलं. तिनं बायजाला त्याच्या खांद्यावरून उतरवून छातीशी धरलं आणि तीन वर्षांत पहिल्यांदा ती त्याच्यासमोर मोकळेपणी रडली. तिचा चेहरा पाहून उरलेलं त्याच्या तोंडून निघेना. नंतर सांगू, असं त्यानं मनाशी म्हटलं. मग दिवस गेले, महिने गेले, आणि ते सांगायचं राहूनच गेलं.

बायजा साडेचार वर्षांची असताना चालायला लागली आणि चालायला लागल्यावर पहिली गेली ती देवळात. तिथून ती हलायची नाही. परशुराम समया घासायचा, सडा घालायचा, आणि ती उंबऱ्याशी बसून परडीतली फुलं वेगळी करायची. तांबडी एका बाजूला, पिवळी एका बाजूला. झालं की सगळी मिसळून पुन्हा पहिल्यापासून. देवळात येईल त्या माणसापुढे फूल धरून "फू" म्हणायची आणि त्याने ते घेतलं की सगळ्या अंगानं हसायची. काही लोक घ्यायचे. पुष्कळसे तिला वळसा घालून आत जायचे. तेव्हा ती फूल तसंच धरून त्यांच्या पाठीकडे बघत राहायची. परशुरामचा जीव तुटायचा, पण त्या उंबऱ्यावर ती जितकी आनंदात असायची तितकी दुसरीकडे कुठंच नाही, म्हणून तो तिला हलवायचा नाही.

अशीच एका शुक्रवारी ठाण्याहून एक बाई ओटी भरायला आली. मंदाकिनी तिचं नाव, नवरा प्रभाकर कलेक्टर कचेरीत कारकून. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी मूल नव्हतं. ती देवीपुढे पदर पसरून बसली होती तेवढ्यात बायजा आत गेली, देवीच्या पायावरची जास्वंद उचलली आणि तिच्या पदरात टाकली. परशुराम रागावून पोरीला ओढायला पुढे झाला. "असू द्या हो," मंदाकिनी म्हणाली आणि ते फूल तिनं ओटीच्या तांदळाबरोबर बांधून घेतलं.

दुसऱ्या वर्षी दिवाळी झाल्यावर ती टांगा करून परत आली, कडेवर तीन महिन्यांचा मुलगा. देवळात आठ-दहा बायका होत्या, मालनही होती. मंदाकिनी देवीच्या पाया पडली आणि मागं वळून सरळ बायजाच्या पायावर डोकं ठेवलं.

"हिनं माझ्या ओटीत फूल घातलं होतं," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "मला देवीनं हिच्या हातानं दिलं."

बायजाला कोण आनंद झाला. "बाल! बाल!" म्हणत तिनं दोन्ही हात पुढे केले. मंदाकिनीनं चटकन मुलाला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि हसून म्हणाली, "झोपेला आलाय गं." परशुरामनं ते पाहिलं. मालनच्या ते ध्यानात आलं नाही. ती त्या बाईच्या नुकत्याच वाकलेल्या मानेकडे, केसांतल्या अबोलीच्या गजऱ्याकडे बघत होती.

गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. पुढच्या मंगळवारी पाच-सहा बायका आल्या, त्याच्या पुढच्या मंगळवारी पंचवीस. गंगुबाई सुईणीनं सगळ्यांसमोर बायजाचा तळहात उघडून दाखवला.

"ही रेघ मी पोर जल्माला आली तवाच बघितली व्हती. एकच रेघ. मान्साच्या हातावर आशी नसते. तवा समजला नाय मला, भ्याले मी. आन् जीभ बघा पोरीची, आन् आपल्या आयची जीभ बघा."

बायकांनी गाभाऱ्यातल्या, जीभ बाहेर काढलेल्या मुखवट्याकडे पाहिलं, बायजाकडे पाहिलं आणि हात जोडले. डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवलेल्या त्याच दोन खुणा. परशुराम हातात गंधाची वाटी घेऊन बाजूला उभा होता.

मालन बदलली. तिला आता हळदीला पहिलं बोलावणं यायचं. विहिरीवर बायका तिची घागर आधी भरून द्यायच्या. तिनं बायजाला हिरवं लुगडं नेसवायला, कपाळभर मळवट भरायला सुरुवात केली. तिच्या चालण्यात जोर आला. संध्याकाळी चुलीपाशी ती गाणं गुणगुणायची. हे गाणं तिला येतं, हेच इतक्या वर्षांत परशुरामला माहीत नव्हतं. एकदा त्यानं विषय काढून पाहिला.

"मालन, पोर आहे ती. इतक्या लोकांनी तिला हाताळायचं..."

"हाताळतात कुठं? पाया पडतात." ती भाकरी थापत म्हणाली. "आधी तिच्या अंगाला पदर लागला तरी झटकायच्या. ते बरं होतं का?"

परशुराम उठून बाहेर गेला.

छप्पन्न सालच्या भादव्यात गावचे भाऊ पाटील चार माणसं घेऊन त्याच्या ओट्यावर आले. देवळाची व्यवस्था त्यांच्याकडे. गुरवाचं घर, त्याच्या वाट्याची भातजमीन, सगळं गावानं दिलेलं, म्हणजे पाटलाच्या शब्दावर. त्यांचं म्हणणं होतं, यंदा नवरात्रात नऊ दिवस बायजाला देवीच्या शेजारी पाटावर बसवायचं. ठाणे, कळवा, बाळकुम, सगळीकडून लोक येतील.

"भाऊ, पोर दमते," परशुराम म्हणाला. "तिच्या छातीत बिघाड आहे. डॉक्टरांनी गर्दीत न्यायचं नाही म्हणून सांगितलंय."

"डॉक्टरला काय कलतंय यातला? गुरवा, देवी काय तुज्या एकट्याची हाय?" भाऊंचा आवाज चढला नव्हता. "बरा, तुजा माजा नको. देवीला विचार. कौल लाव."

परशुरामनं आत पाहिलं. मालन दाराआड उभी होती. भाऊंचं बोलणं तिनं ऐकलं होतं, आणि त्याचंही.

माणसं गेल्यावर ती बाहेर आली. "छातीत बिघाड? कधी सांगितलं डॉक्टरांनी?"

"तेव्हाच. मी तिला नेलं होतं तेव्हा."

"पाच वर्षं झाली त्याला."

त्यानं मग सगळं सांगितलं. भोक, धूर, गर्दी. दहा वर्षांचंही सांगितलं. मालन खांबाला धरून खाली बसली. अंगणात बायजा कोंबडीच्या पिलांना "फू, फू" करत होती. मालन बोलली तेव्हा तिचा आवाज अगदी कोरडा होता.

"म्हणजे डॉक्टर म्हणतो ते खरं असेल तर माझी पोर मरणार. आणि गंगुबाई म्हणते ते खरं असेल तर जगेल. मी कुठलं खरं मानू?"

परशुरामनं अंगणातल्या पोरीकडे पाहिलं.

"तुम्हीच सांगता ना सगळ्यांना, देवी राखेल म्हणून? दिवसातून दहा वेळा सांगता. मग माझ्या पोरीला नाही राखणार?"

गावाला जे तो रोज सांगत आला होता ते बायकोला खोटं कसं सांगायचं? आणि खोटं होतं असं तरी त्याला कुठं वाटत होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खा गाव देवळापुढे जमला. परशुराम ओलेत्यानं आत गेला. मालनही बायजाचा हात धरून सभामंडपात उभी होती. आपल्या घरासाठी कौल लावायचा नाही ही वडिलांची गोष्ट आज मोडणारच होती. रात्रभर तळमळत त्यानं कौलात हात न चालवायची गोष्टही मोडायचं ठरवलं होतं. त्यानं उजवी पाकळी ताजी, रुंद निवडली, नीट भिजवली आणि अंगठ्यानं देवीच्या खांद्यावर दाबून बसवली. डावी वाळकी घेतली, नुसती ओली केल्यासारखी केली आणि टेकवली. बाहेरून कोणाला दिसण्यासारखं नव्हतं. मग त्यानं गाऱ्हाणं घातलं.

"आई, या पोरीला नवरात्रात तुझ्या शेजारी बसवावं असं गावाचं म्हणणं आहे. तुझा हुकूम काय तो दे."

डावी पाकळी कडेनं सुटली, लोंबली. आता पडेल, आता पडेल. आणि मग उजवी, त्यानं अंगठ्यानं दाबून बसवलेली उजवी, एकदम अख्खीच्या अख्खी सुटून देवीच्या पायावर पडली.

"उजवा! उजवा दिला आयनी!" मंडपातून ओरडा झाला. ढोल वाजायला लागला. परशुराम गुडघ्यांवर बसला. लोकांना वाटलं, गुरव भक्तीनं बसला. सदतीस वर्षांच्या आयुष्यात त्यानं एकदाच देवीला फसवायला पाहिलं होतं आणि देवीनं त्याचा हात जिथल्या तिथं धरला होता. आता नाही कोणत्या तोंडानं म्हणणार?

नवरात्र बसलं. बायजाला हिरवं लुगडं, हातभर बांगड्या, गळ्यात झेंडूचे हार. पहिले दोन दिवस तिला मजा वाटली. येणाऱ्या प्रत्येकाला "फू" देत होती आणि आता प्रत्येक जण घेत होता. तिसऱ्या दिवशी ती कंटाळली, पाटावरून उतरून बापाकडे यायला लागली. बायका तिला हलकेच उचलून पुन्हा बसवायच्या. चौथ्या दिवशी खोकला सुरू झाला. गाभारा एवढासा, त्यात धूप, कापूर, समया आणि माणसांचा उबारा. परशुराम अधूनमधून धुपाटणं उचलून बाहेर ठेवायचा, कोणीतरी ते पुन्हा आत आणायचं.

"बाबा, घल," बायजा म्हणायची. घर.

"जाऊ हं, आता जाऊ," तो म्हणायचा.

सहाव्या दिवशी मालननं तिला घरीच ठेवलं. तासाभरात अंगणात शंभर माणसं जमली, भाऊ पाटलांची बायको स्वतः आली, मालनच्या पाया पडून म्हणाली, लोक कुठून कुठून आलेत. मालननं पोरीला काढा पाजला, छातीला तेल चोळलं आणि नेऊन बसवलं. परशुरामनंही तिला अडवलं नाही. दोघांच्याही मनात तो उजवा कौल होता.

अष्टमीच्या दुपारी आरती चालू असताना बायजा डोलायला लागली. मान मागं-पुढं, खांदे वर-खाली. तिचा श्वास घशात घरघर वाजत होता.

"आली! आय आली! वारा आला पोरीच्या अंगान!" गंगुबाई ओरडली आणि सगळा मंडप उसळला. ढोलवाल्यांनी जोर धरला. बायका केस मोकळे सोडून घुमायला लागल्या. कोणीतरी कापराची परात बायजाच्या तोंडापुढे धरली.

परशुरामनं आरती खाली टाकली. "वारं नाही ते! तिला दम लागलाय! बाजूला व्हा!"

दोघा-तिघांनी त्याला धरलं. "गुरवा, वारा आलेल्या अंगाला हात नको लावूस!" अंगात आलेलं खरं की खोटं हे इतकी वर्षं हाच गाव त्याला विचारत आला होता. आज तो घसा फोडून सांगत होता आणि त्याचा शब्द शेजारच्या माणसालाही पटत नव्हता. माणसांच्या डोक्यांमधून त्याला पोरीचे ओठ दिसले. जांभळाच्या रंगाचे झाले होते. ती त्याच्याकडेच बघत होती.

मालन समोरच्या बाजूला हात जोडून उभी होती. तिलाही ते ओठ दिसले असावेत. तिनं किंकाळी फोडली, पुढे घुसली, कापराची परात हातानं उडवली आणि बायजाला उचलून गर्दीतून वाट काढत निघाली. आईला अडवायला कोणी धजलं नाही. परशुराम हिसडा देऊन तिच्या मागं धावला. आग्रा रोडवर एक खडीची लॉरी थांबली आणि ते ठाण्याला पोचले.

बायजा इस्पितळात सोळा दिवस होती. न्युमोनिया झाला होता. रोज सुया टोचायचे, ती रडायची नाही, नुसती आईचं बोट घट्ट धरायची. वाचली. पण परत आली तेव्हा चार पावलं चालली की तिला बसावं लागायचं.

गावात एव्हाना ठरून गेलं होतं. अष्टमीच्या दिवशी वारं आलेल्या पोरीला आईबापानं पाटावरून ओढलं, इस्पितळात सुया टोचल्या. देवीनं अंग सोडलं. त्या थंडीत गावात गोवरची साथ आली आणि दोन मुलं दगावली, तेव्हा लोकांची खात्रीच पटली. परशुरामचं काम कोणी काढून घेतलं नाही. भाऊ पाटलांनी ते कधी बोलूनही दाखवलं नाही. पण मालनची घागर आता कोणी भरून देईना. आणि बायजा? ती पुन्हा उंबऱ्यावर जाऊन बसायची, फूल पुढे धरायची. वर्षभर ज्यांनी तिच्या हातून फूल घेऊन डोळ्यांना लावलं होतं, तेच आता तिला वळसा घालून जायचे. ती चार-सहा वेळा "फू" म्हणायची, मग बापाकडे वळून बघायची.

एकदा दुपारी बायजा झोपली असताना मालननं विचारलं, "तुम्हाला खरं काय वाटतं? होती का देवी तिच्या अंगात?"

परशुरामनं दार लोटून घेतलं. मग त्यानं कौलाची गोष्ट सांगितली. उजवी पाकळी दाबून बसवल्याची.

"आणि तरी उजवाच पडला?"

"तरी उजवाच पडला."

"मग?"

"मग काय, मला कळत नाही. पाकळी जड होती म्हणून पडली असेल. देवीनं पाडली असेल. पाडली असेल तर कशासाठी पाडली? रोज तिचं तोंड धुतो मी, मालन, आणि रोज हेच विचारतो."

मालन झोपलेल्या पोरीच्या अंगावर गोधडी सारखी करत राहिली.

"मला ठाऊक होतं ती देवी नाही," ती म्हणाली. "मी पाजली तिला, धुतली, पुसली. मला नाही कळणार? पण माझी लेक म्हणून कोणी तिच्याकडे बघत नव्हतं हो. देवी म्हणून तर बघत होते."

बायजा त्या अष्टमीनंतर दोन वर्षं आणि वर तीन महिने जगली. पौषातल्या एका सकाळी ओट्यावर उन्हात, मालनच्या मांडीवर, पेज खाता खाता तिनं मान टाकली. दहा वर्षं पुरी झाली होती.

बातमी कळल्यावर भाऊ पाटील आले. दोन वर्षांत पहिल्यांदा त्या ओट्यावर चढले आणि पोरीच्या पायाला हात लावून उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांत खरोखरच पाणी होतं.

"गुरवा, देवलाच्या मागं जागा देतो. तिथंच ठेवू तिला. वर तांदला बसवू. गावाकडून चूक झाली, गाव पुजील तिला."

परशुरामच्या डोळ्यांपुढे तो शेंदूर फासलेला दगड उभा राहिला, आणि रोज सकाळी त्या दगडाला पाणी घालणारे आपले हात. पाटलाला नाही म्हणायची ताकद त्याच्यात उरली नव्हती. तो मान हलवणार होता.

"नको," मालन म्हणाली. तिनं पोरीचं डोकं मांडीवरून उतरवलं नव्हतं. "भाऊ, पाया पडते तुमच्या. माझी पोर होती ती. बाकीच्या पोरांना नेतात तिथं न्या."

खाडीच्या अंगाला गावची लहान मुलं पुरायची जागा होती. तिथंच तिला नेलं. वर दगड ठेवला तो कुत्र्यांनी उकरू नये म्हणून, तेवढाच.

सुतकात दहा दिवस कोळशेतचा एक गुरव पूजेला येत होता. परशुराम ओट्यावर बसून त्याची घंटा ऐकायचा. अकराव्या दिवशी पहाटे उठून त्यानं आंघोळ केली आणि देवळात गेला. देवीचं तोंड धुतलं, मळवट भरला, हार घातला आणि गाऱ्हाणं घालायला हात जोडले. शब्द रोजचेच होते. गावाचं भलं कर, शेतीभातीला पाऊस दे, गुराढोरांना सुखी ठेव, लेकराबाळांना... तिथं तो थांबला. बाहेर बाळकुमची कोणी बाई आजारी मूल कडेवर घेऊन थांबली होती, तिनं घंटा वाजवली. त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि पुन्हा तिथंच येऊन अडला.

त्यानं त्या बाईला अंगारा दिला, दार ओढून घेतलं आणि घरी आला. मालन चुलीपुढे होती.

"झाली पूजा?"

"झाली."

"गाऱ्हाणं घातलं?"

"अर्धं."

तिनं पाट मांडला आणि भात वाढला.